पहिला, दुसरा, तिसरा: सगळं आधीच ठरलेलं

१५ मेच्या संध्याकाळी गुब्बिओत जी शर्यत सुटते, तिचा निकाल गावातल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतो. पहिले संत उबाल्दो, दुसरे संत जॉर्जो, तिसरे संत अंतोनियो. गेल्या वर्षी हाच क्रम होता, पुढल्या वर्षीही हाच असेल. मागच्याने पुढच्याला ओलांडायचं नाही, असा रिवाजच आहे. तरीही शेकडो पुरुष पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाचे तीन लाकडी खांब खांद्यावर उभे पेलून अरुंद गल्ल्यांतून बेभान पळत सुटतात आणि शेवटी तसेच डोंगर चढून जातात. चषक नाही, बक्षीस नाही, पैसा तर नाहीच नाही.

हे मला पहिल्यांदा सांगितलं माझ्या घरमालकिणीने. पेरुजात परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं जुनं विद्यापीठ आहे, तिथे मी इटालियन शिकत होते. बाई मूळच्या गुब्बिओच्या, लग्न होऊन पेरुजात आलेल्या. दोन्ही गावांत अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर, पण एप्रिल सरत आला की बाईंचं चित्त थाऱ्यावर नसे. मी विचारलं, निकाल ठरलेलाच आहे तर धावतात कशासाठी? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढचा प्रश्न घशातच राहिला. मग मला सोबत घेऊन गेल्या. पुढे मी सहलींच्या धंद्यात शिरले, मराठी मंडळींचे गट घेऊन युरोपभर फिरू लागले. पण गुब्बिओला मात्र मी जाते ती स्वतःच्या सुट्टीत, स्वतःच्या पैशाने.

सहलीच्या यादीत हे गाव बसत नाही. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, झालंच तर मिलान. गुब्बिओला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन फोस्सातो दि व्हिको, तिथून पुढे बस. शिवाय ज्यांना इटलीतला एखादा गावउत्सव पाहायचाच असतो त्यांना सिएनाचा पालिओ हवा असतो, आणि ते समजण्यासारखं आहे. घोडे आहेत, सतरा मोहल्ल्यांची हाडवैरं आहेत, दीडेक मिनिटात निकाल लागतो, जिंकलेले रडतात आणि हरलेलेही रडतात. गुब्बिओतलं सगळं त्याच्या उलट.

गाव आहे उंब्रिया प्रांतात, मोंते इंजिनो नावाच्या डोंगराच्या उतारावर. करड्या चुनखडीच्या दगडाची घरं एकावर एक रचल्यासारखी. आडवे रस्ते थोडेफार सपाट आणि त्यांना जोडणाऱ्या उभ्या गल्ल्या दम काढणाऱ्या. आता नगरपालिकेने सार्वजनिक लिफ्ट बसवल्या आहेत, त्यामुळे गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनाही मुख्य चौकापर्यंत पोचता येतं. हा चौक, पियात्सा ग्रांदे, पाहायलाच हवा. चौदाव्या शतकात गावाच्या कारभाऱ्यांनी ठरवलं की गावाच्या सगळ्या भागांना लागून असलेल्या मधल्या जागी सभागृह आणि चौक बांधायचा. पण तिथे सपाट जमीनच नव्हती. मग त्यांनी खालून प्रचंड कमानी उभ्या केल्या आणि त्यांच्यावर चौक अंथरला. चौकाच्या एका अंगाला कठड्यापाशी उभं राहिलं की खाली सगळी कौलं, पलीकडे सपाट शेतं आणि मैदानात रोमन काळातलं नाट्यगृह दिसतं. कडेला उभा आहे तो पलात्सो देई कोन्सोली, म्हणजे नगरप्रमुखांचा वाडा. त्याचं काम १३३२ साली सुरू झालं. त्याच्या मनोऱ्यातली मोठी घंटा वाजवणारी माणसं ती दोरीने ओढत नाहीत, तर वर चढून पायांनी ढकलून झुलवतात. हे काम जोखमीचं आहे, म्हणून त्या घंटावाल्यांना गावात मान आहे.

याच वाड्यात काशाचे सात लेखपट ठेवले आहेत. अशा वस्तूसमोर माझे प्रवासी सहसा अर्धा मिनिट थांबतात, मला मात्र तिथून हलवत नाही. हे पट १४४४ साली सापडले असं मानलं जातं, आणि १४५६ साली गावाने ते त्यांच्या मालकाकडून दोन वर्षांच्या चराई-हक्काच्या मोबदल्यात घेतले. माझ्या माहितीतला हा सर्वांत शहाणपणाचा सरकारी व्यवहार! त्यांच्यावरचा मजकूर उंब्रियन भाषेत आहे. काही भाग त्या लोकांच्या स्वतःच्या, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीत, काही लॅटिन लिपीत. काळ साधारण इसवीसनापूर्वीच्या तिसऱ्या ते पहिल्या शतकाचा. त्या भाषेतलं एवढं मोठं लेखन दुसरीकडे कुठेच मिळालेलं नाही, त्यामुळे भाषाशास्त्रज्ञ सगळे इथेच येतात. मजकूर कसला, तर पूजाविधींचा. पुजाऱ्यांच्या एका मंडळाने शहराची शुद्धी कशी करायची, आधी पक्ष्यांचा कौल कसा घ्यायचा, मग शहराच्या तीन वेशींवर कोणत्या देवाला किती बैल आणि किती डुकरिणी द्यायच्या, हे तपशीलवार. शहर, माणसं, गुरं, शेतं यांच्या रक्षणाची मागणी पुन्हा पुन्हा येते. विधीत चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून, हेही नमूद आहे. तीन वेशी, तीन-तीन बळी, तीन थोर देव. हा तीनचा आकडा लक्षात ठेवा.

मधली शतकं भराभर ओलांडते. रोमन आले, गेले. मध्ययुगात गुब्बिओ स्वतंत्र नगरराज्य झालं, १३८४ मध्ये उर्बिनोच्या माँतेफेल्त्रो घराण्याकडे गेलं, १६३१ मध्ये पोपच्या राज्यात आणि १८६० मध्ये एकसंध होत असलेल्या इटलीत. माँतेफेल्त्रोंच्या वाड्यातली लाकडी जडावकामाची अप्रतिम अभ्यासिका आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, एवढं सांगितलं की माझे प्रवासी कोहिनूरची आठवण काढतात आणि चर्चा भरकटते. सोळाव्या शतकात इथल्या मास्त्रो जॉर्जो आंद्रेओली या कुंभाराने मातीच्या भांड्यांवर माणकासारखी लाल झळाळी आणली आणि ती युरोपभर गाजली. संत फ्रान्सिसने ज्या लांडग्याची समजूत घालून त्याला माणसाळवलं, तो लांडगाही गुब्बिओचाच. गोष्ट अशी की लांडगा माणसं खायचा. संताने त्याच्याशी करार केला की गावाने त्याला रोज खायला घालायचं आणि त्याने कोणाला इजा करायची नाही. लांडगा म्हातारा होऊन मेला तेव्हा गाव हळहळलं. भांडण मिटवण्याची ही पद्धत मला अगदी गुब्बिओची वाटते: कोणी हरत नाही.

पण गावाचा खरा मालक संत फ्रान्सिस नव्हे, उबाल्दो. हा गावचाच माणूस, बाराव्या शतकातला बिशप. ११५१ च्या सुमारास पेरुजाच्या पुढाकाराने अकरा शहरं गुब्बिओवर चालून आली तेव्हा गाव वाचलं ते उबाल्दोमुळे, अशी श्रद्धा आहे. ११५५ साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा स्पोलेतो शहर जाळून पुढे सरकला. म्हातारा, आजारी बिशप त्याला भेटायला गेला आणि गुब्बिओ बचावलं. १६ मे ११६० ला तो वारला. ११९२ मध्ये पोपने त्याला संत ठरवलं आणि दोन वर्षांनी त्याचा देह डोंगरावर नेऊन ठेवला. तो आजही तिथल्या बॅसिलिकात काचेच्या पेटीत आहे, सुकलेला पण अखंड.

त्याच्या चरित्रातली एक गोष्ट मला या मोठ्या प्रसंगांपेक्षा जवळची वाटते. गावकुसाची भिंत बांधताना गवंडी बिशपच्या द्राक्षमळ्याची नासधूस करत होते. उबाल्दोने जाऊन सौम्यपणे हटकलं. मुकादमाने त्याला ओळखलं नाही म्हणा किंवा ओळखूनही म्हणा, पण धक्का दिला आणि बिशप कालवलेल्या चुन्यात पडला. उठला, अंग झटकलं, एक शब्द न बोलता घरी गेला. गाव खवळलं, मुकादमाला हद्दपार करा म्हणू लागलं. बिशपने त्याला जवळ घेतलं आणि प्रकरण मिटवलं. आज संत उबाल्दोचा चेरो, म्हणजे तो लाकडी खांब, खांद्यावर घेण्याचा मान कोणाचा? गवंड्यांच्या संघाचा. या दोन गोष्टी कोणी एकमेकींना जोडलेल्या मी वाचल्या नाहीत, ही जोडणी माझी आपली.

चेरो म्हणजे मेणबत्ती, अनेकवचन चेरी. एकेकाळी संताच्या पुण्यतिथीच्या आदल्या संध्याकाळी गावातले व्यावसायिक संघ त्याला मेण वाहायचे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मेणाच्या जागी लाकडाची कायमस्वरूपी ‘मेणबत्ती’ आली आणि तीच आता धावते. दिसायला ती मेणबत्तीसारखी मुळीच नाही. एकावर एक बसवलेले दोन अष्टकोनी पोकळ लाकडी पिंप समजा, मध्ये कंबर, आरपार गेलेला दांडा, वर टोकाला संताची छोटी मूर्ती. उंची चारेक मीटर. हे सगळं खाली इंग्रजी एच अक्षराच्या आकाराच्या जाड दांड्यांच्या चौकटीत खोचायचं. त्या चौकटीला म्हणतात बारेल्ला. ती खांद्यावर. उबाल्दो गवंड्यांचा, सदरे पिवळे. जॉर्जो व्यापाऱ्यांचा आणि कारागिरांचा, सदरे निळे. अंतोनियो शेतकऱ्यांचा, सदरे काळे. विजार सगळ्यांची पांढरी, कमरेला आणि गळ्यात लाल पट्टा.

मी सासवडची. शिखर शिंगणापूरला चैत्रात कावडी मुंगी घाटाने वर चढतात तो थरार लहानपणापासून पाहिलेला. त्यामुळे ओझं घेऊन डोंगर चढणारी माणसं मला नवी नव्हती. नवं होतं ते ओझं उभं असणं. खांब जितका उंच तितका तो कलायला बघतो. पुढचे चार खांदे अर्धा पाऊल जास्त पळाले किंवा वळणावर बाहेरच्या बाजूची माणसं कमी पडली की टोक झुकायला लागतं, आणि एकदा झुकलं की वरच्या मूर्तीचं डोकं समोरच्या घराच्या सज्ज्याकडे निघतं. या झुकण्याला गावात पेन्दुता म्हणतात. पूर्ण पडणं ही तर वर्षभराची नामुष्की. सर्वांत पुढे, दांड्यांच्या मधे, पाठ संताकडे करून धावतो तो कापोद्येची, म्हणजे दहांचा म्होरक्या. दिशा आणि वेग त्याच्या हाती. बाजूने हात लावून आधार देणारे वेगळे. एकच तुकडी फार लांब टिकत नाही. शंभरेक मीटरच्या आत ताज्या दमाची तुकडी खांद्याखाली शिरते, आणि हे सगळं पळता पळता, चेरो खाली न टेकवता. एक खांदा सुटायच्या आत दुसरा लागला पाहिजे. यासाठी महिनोन् महिने याद्या होतात, उंचीप्रमाणे जोड्या लागतात, आणि यादीत नाव न आल्यावरून काका-पुतण्यांत अबोला धरल्याचंही मी पाहिलं आहे.

दिवसाची सुरुवात पहाटे ढोलवाल्यांनी होते. ते उत्सवाच्या कप्तानांना उठवायला जातात. त्यानंतर चेरायोली, म्हणजे खांदेकरी, आधी स्मशानात जातात, आपल्या आधी खांदा दिलेल्यांना भेटायला. मग गवंड्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना, तिथेच पुढच्या कप्तानांची चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढली जाते. रस्ते एव्हाना तिरंगी झालेले असतात. खांदेकऱ्यांना छोटे फुलांचे गुच्छ वाटले जातात आणि एकेक जण तो छातीवर खोचून मिरवतो. म्हातारी माणसंसुद्धा सदरे घालून बाहेर पडतात. इस्त्रीच्या घड्या अशा कडक की कागदाने बोट कापावं.

साडेअकराच्या सुमारास पियात्सा ग्रांदेत पाऊल ठेवायला जागा नसते. तिन्ही चेरी आडवे पडलेले. प्रत्येकाचा कापोद्येची बारेल्लावर चढतो, हातात पाण्याने भरलेली चिनीमातीची रंगवलेली सुरई. दांडा जिथे चौकटीत खोचलाय त्या सांध्यावर पाणी ओततो, लाकूड फुगून घट्ट बसावं म्हणून. मग इशारा होतो. तो सुरई गर्दीत उंच भिरकावतो आणि स्वतःला पुढे झोकून देतो. त्याच्या वजनाने आणि बाकीच्यांच्या रेट्याने तीन खांब एकदम उभे राहतात. हे मोजून दोन-तीन सेकंदांचं काम असावं, पण तेवढ्यात माझ्या घरमालकीणबाईंनी माझा दंड असा दाबला होता की दुसऱ्या दिवशीही वळ होते. सुरईचे तुकडे वेचायला झुंबड उडते. घरात तुकडा असला की बरकत, असं मानतात. चौकात तीन फेऱ्या मारून चेरी गावभर मिरवायला निघतात, आजारी आणि म्हाताऱ्यांच्या घरांपुढे थांबतात.

दुपारी जेवण. संताच्या पुण्यतिथीची आदली तिथी म्हणून मांस वर्ज्य, त्यामुळे पानात सगळं मासळीचं, त्यात खारवलेला कॉड मासा असतोच. शाकाहारी वाचकांनी घाबरू नये. गावात क्रेश्या नावाची जाड, खरपूस भाकरीवजा पोळी मिळते, पूर्वी दगडाच्या आणि आता लोखंडी तव्यावर भाजलेली, आत तेलात परतलेली पालेभाजी घालून. डाळी-कडधान्यांचं दाटसर सूपही मिळतं. फक्त क्रेश्याच्या पिठात डुकराची चरबी घातली आहे का, हे आधी विचारून घ्यायचं. धंद्यातला अनुभव.

सहा वाजता बिशप आशीर्वाद देतो आणि चेरी सुटतात. पहिलाच टप्पा उताराचा, घरांच्या भिंतींमधून. गर्दी भिंतीला चिकटते, वाट उघडते, आणि ‘व्हिया क्येक्कोली!’ अशी आरोळी गल्लीगल्लीतून पुढे पळत येते. चला, आलेच ते! पिवळे जातात, मग निळे, मग काळे. पायांचा आवाज आधी ऐकू येतो, मग खांब दिसतो, आणि दिसला म्हणेस्तोवर पाठमोरा झालेला असतो. एकूण वाट चार किलोमीटरहून थोडी जास्त, मधे मोजके थांबे. शेवटचा टप्पा डोंगराचा. वेशीबाहेरून बॅसिलिकापर्यंत सुमारे ३०० मीटर उंची चढायची, नागमोडी कच्च्या रस्त्याने, तीही पळत. एरवी मी हा चढ चढायला पाऊण तास घेते आणि मधे दोनदा देखावा पाहण्याचं निमित्त करते. चेरी दहाएक मिनिटांत वर असतात.

आता तो माझा घशात अडकलेला प्रश्न. क्रम ठरलेला, मग चुरस कशाची? वर गेल्यावर कळतं. बॅसिलिकाच्या अंगणाला एक मोठा दरवाजा आहे. पिवळ्यांनी आपला चेरो आडवा करून आत घेतला की ते दरवाजा लावून घ्यायची धडपड करतात, निळे आत शिरायच्या आत. निळे चिकटून आलेले असले तर दरवाजा लागतच नाही. म्हणजे पिवळ्यांनी मागच्यांना दूर ठेवायचं, निळ्यांनी सुटू द्यायचं नाही, आणि काळ्यांनी दोघांच्या मागे राहूनही अंतर पडू द्यायचं नाही. पडलात का, झुकलात का, कितीदा, तुटलात का, एवढंच मोजलं जातं. मोजणारा पंच कोणी नाही. सगळं गाव पंच. रात्री दारूच्या गुत्त्यांत, दुसऱ्या दिवशी पाववाल्याच्या दुकानात, हल्ली मोबाईलवर चित्रफिती मागेपुढे करून वाद चालतात आणि ते पुढच्या मेपर्यंत पुरतात. मला विचाराल तर यात पहिला नंबर देणं फारच सोपं, आणि म्हणून कंटाळवाणं झालं असतं. सिएनात हरलेले मोहल्ले वर्षभर दुसऱ्याच्या नशिबाला शिव्या घालतात. इथे प्रत्येकाला आपल्याच पावलांचा हिशेब द्यावा लागतो.

खटकणारी गोष्टही सांगते. मुख्य उत्सवात खांदा देतात ते पुरुषच. बायका-मुली आपापल्या रंगाचे सदरे घालतात, रस्ताभर आवाज बसेपर्यंत ओरडतात, सदरे धुतात, मासळी रांधतात. घरमालकीणबाईंना मी यावरून छेडलं की त्या म्हणत, बारेल्लावर कोण चढणार हे स्वयंपाकघरातच ठरतं. हे उत्तर मी सासवडलाही ऐकलेलं आहे आणि तिथेही माझं त्याने समाधान झालं नव्हतं.

उत्सवाचं मूळ काय, यावर विद्वानांची दोन घराणी आहेत. एक म्हणतं, सरळ आहे, संताला वाहिलेल्या मेणबत्त्या, कागदपत्रं आहेत. दुसरं त्या काशाच्या पटांकडे बोट दाखवतं: तीन वेशी, तीन देव, शहराभोवतीची मिरवणूक, आणि मे महिना म्हणजे वसंत. ख्रिस्ताच्या आधीचंच काहीतरी नव्या नावाने चालू आहे. माझा कल पहिल्या घराण्याकडे आहे, कारण पट आणि चेरी यांच्यामध्ये हजार वर्षांहून मोठी पोकळी आहे आणि तिच्यावर पूल बांधायला पुरावा हवा. पण गावातल्या माणसाला हे सांगून पाहा! आपला उत्सव रोमहून जुना आहे या समजुतीत जो आनंद आहे, तो तळटीपांनी हिरावून घेता येत नाही.

हा उत्सव गावापुरता राहिलेला नाही. अल्सास प्रांतातल्या थान या गावाची दंतकथा सांगते की उबाल्दोच्या एका सेवकाने संताचा अवशेष आपल्या काठीत दडवून उत्तरेकडे नेला, वाटेत काठी झाडाला टेकवून झोपला आणि उठल्यावर ती हलेना. तेव्हा जंगलावर तीन उजेड दिसले. थानमध्ये दर ३० जूनला त्या आठवणीत फर वृक्षांचे तीन ओंडके जाळतात. पुन्हा तीन. पलीकडे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या जेसप गावी गुब्बिओचे लोक कोळशाच्या खाणीत मजुरीला गेले. त्यांनीही तिथे तीन चेरी बनवले, आणि खाणी बंद पडल्या तरी त्यांची नातवंडं-पणतवंडं मेअखेरीस ते घेऊन धावतात. १९१७ साली गुब्बिओचे सैनिक आल्प्समध्ये कोल दि लाना इथे आघाडीवर होते. १५ मे उजाडला तेव्हा त्यांनी हाती लागेल त्या सामानातून चेरी उभे केले आणि तिथेच पळवले.

दुसऱ्या महायुद्धाने मात्र गावाला कायमची जखम दिली. २२ जून १९४४ ला जर्मन सैन्याने सूड म्हणून गावातल्या चाळीस नागरिकांना गोळ्या घातल्या. खालच्या मुख्य चौकाला त्या चाळीस हुतात्म्यांचं नाव आहे. बस तिथेच थांबते. मी माझ्या पाहुण्यांना उतरल्या उतरल्या हे सांगते, मग वर चढते. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे चेरी निघाले नाहीत. त्या काळात बाईंचा फोन आला तो पाच मिनिटं नुसता मुसमुसण्याचा.

बाकीचे सण थोडक्यात. गुड फ्रायडेला येशूच्या मृतदेहाची मिरवणूक निघते. त्या दिवशी घंटा मुक्या, म्हणून लोखंडी कड्या जडवलेल्या लाकडी फळ्या खडखडवत लोक पुढे चालतात, आणि पुरुषांचे दोन गट आळीपाळीने करुण स्तोत्र गातात. मेच्या शेवटच्या रविवारी सान्सेपोल्क्रो या शेजारच्या गावाशी जुन्या आडव्या धनुष्यांची स्पर्धा होते, लक्ष्य ३६ मीटरवर. हिला मात्र विजेता असतो. ७ डिसेंबरला सगळ्या डोंगरावर दिव्यांचं नाताळचं झाड पेटतं. १९८१ पासून चालू आहे, १९९१ मध्ये गिनीज बुकात गेलं. उंची साडेसहाशे मीटरहून अधिक. झाड अर्थात नाहीच, उतारावर पसरलेल्या वायरी आणि बल्ब. रोज दिसलं तर भडक वाटेल. धुक्याच्या रात्री मात्र दूरच्या रस्त्यावरून पाहिलं की बसमधले सगळे गप्प होतात. आणि बार्जेल्लोच्या वाड्यापुढच्या कारंज्याला तीन फेऱ्या मारून गावकऱ्याच्या हातून पाणी शिंपडून घेतलं की तुम्हाला ‘वेडेपणाचा परवाना’ मिळतो, रीतसर कागदावर. माझा परवाना पुण्याच्या घरी फ्रेम करून लावलाय, पाहुणे विचारतात कसला डिप्लोमा.

जायचं असेल तर काही सूचना. १४ आणि १५ मेची राहण्याची सोय बरीच आधी करून ठेवा. नाही मिळाली तर पेरुजात राहा आणि सकाळची पहिली बस पकडा. पिवळा, निळा किंवा काळा सदरा विकत घेऊन अंगात चढवू नका, पाहुण्याने पांढरा बरा. गल्लीत उभे राहाल तर पाठ भिंतीला आणि पिशवी पोटाशी. ‘तुमचा कोणता?’ हा प्रश्न हमखास येईल. त्याला ‘तिन्ही’ हे उत्तर कोणालाच आवडत नाही. मी अंतोनियो सांगते. शेतकऱ्यांचा, कायम तिसरा, सगळ्यांत जास्त धूळ खाणारा. लहान मुलं किंवा म्हाताऱ्या आई-वडिलांना सोबत न्यायचं असेल तर १५ मेचा हट्ट सोडा आणि २ जूनला जा. त्या दिवशी शाळकरी पोरांचे छोटे चेरी निघतात. तेच रंग, त्याच सुरया, तोच डोंगर, आणि क्रमही तोच. गर्दी निम्म्याहून कमी असते, रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसता येतं, आणि पोरांपेक्षा त्यांचे बाप जास्त ओरडतात.